कमी कार्बनचे सिमेंट वापरावे का? ताकद, टिकाऊपणा आणि बचतीचा हिशोब

प्रश्न एका तरुण स्थापत्य अभियंत्याचा आहे. त्यांच्या बहुमजली इमारतीसाठी वास्तुविशारदाने कमी कार्बनचे काँक्रीट वापरण्याची अट घातली आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे, की अशा सिमेंटची ताकद उशिरा येते, त्यामुळे शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) अडकून पडते आणि पुढे काही वर्षांनी सळया गंजतात. तेव्हा यात खरे काय समजावे, बचत नेमकी किती होते आणि स्लॅग, फ्लाय ॲश व भाजलेली चिकणमाती यांपैकी कशाची निवड करावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. असे सिमेंट अवश्य वापरावे. कंत्राटदाराच्या हरकतींत तथ्य आहे आणि त्या झटकून टाकण्यासारख्या नाहीत. मात्र प्रत्येक हरकतीवर ठाऊक असलेला, आजमावलेला उपाय आहे. तो उपाय मिक्स डिझाइन (घटकांचे प्रमाण ठरवणे), कव्हर (सळईवरील काँक्रीटच्या थराची जाडी) आणि क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) या तीन गोष्टींत आहे. या तिन्हींकडे दुर्लक्ष करून नुसते पोते बदलले, तर कंत्राटदाराचे भाकीत खरे ठरेल.

प्रथम कार्बन येतो कोठून ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये या एका उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर जे कडक गोळे तयार होतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की साधे पोर्टलँड सिमेंट होते. चुनखडी म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. ते १०० किलो घेऊन तापवले तर ५६ किलो कॅल्शियम ऑक्साइड उरते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. क्लिंकरमध्ये कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण ६५ टक्के असते, म्हणजे एक टन क्लिंकरमागे जवळजवळ ५१० किलो वायू केवळ दगडातून सुटतो. इंधनाचा धूर त्यात मिळवला की आकडा ८०० ते ८५० किलोच्या घरात पोहोचतो. भट्टी उद्या पूर्णपणे सौर किंवा पवनविजेवर चालवली, तरी निम्म्याहून अधिक उत्सर्जन जसेच्या तसे राहील. इतर अनेक उद्योगांना स्वच्छ वीज मिळाली की त्यांचा बराचसा प्रश्न सुटतो. सिमेंटचा सुटत नाही. म्हणून आज हातात असलेला सर्वात खात्रीचा मार्ग एकच आहे: सिमेंटमधले क्लिंकर कमी करणे आणि काँक्रीटमधले सिमेंट कमी करणे.

क्लिंकरची जागा घेणारे पदार्थ नवे नाहीत. फ्लाय ॲश म्हणजे कोळशावरील वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली राख आणि स्लॅग म्हणजे झोतभट्टीतील धातुमळी पाण्याने झटकन थंड करून बारीक दळलेली. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत काँक्रीटला बांधून ठेवणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते, त्याचबरोबर बराचसा चुनाही मोकळा राहतो. राखेतील सिलिका या मोकळ्या चुन्याला सावकाश धरते आणि त्यातून आणखी बांधणारा पदार्थ निर्माण होतो. ज्वालामुखीची राख आणि चुना यांच्या याच क्रियेवर रोमन बांधकाम उभे राहिले. पँथिऑनचा घुमट सुमारे १९०० वर्षे टिकून आहे. स्लॅग थोडा वेगळा वागतो. सिमेंटने निर्माण केलेल्या अल्कलीचा आधार मिळाला की तो स्वतःच घट्ट होऊ लागतो, म्हणून त्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंतही नेता येते.

येथे एक मुद्दा आहे, ज्याकडे कमी कार्बनच्या चर्चेत फार थोडे लोक लक्ष देतात आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. जगात तयार होणारा दळण्याजोगा स्लॅग जवळजवळ सगळाच आधीपासून वापरला जातो. तुमच्या इमारतीत ७० टक्के स्लॅग घातला की कागदावर आकडा सुंदर दिसतो. परंतु तोच स्लॅग दुसऱ्या कोणाच्या तरी बांधकामातून वळवला गेला आणि तेथे क्लिंकर वाढले, तर वातावरणाच्या पदरी काहीच पडत नाही. शिवाय पोलाद उद्योग झोतभट्टीकडून विद्युतभट्टीकडे आणि हायड्रोजनकडे वळू लागला आहे, कोळशाची वीजकेंद्रे अनेक देशांत बंद होत आहेत, आणि आपल्याला तेच हवे आहे. म्हणजे स्वच्छ ऊर्जेच्या दिशेने जग जितके पुढे जाईल, तितके हे दोन्ही पदार्थ दुर्मीळ होत जातील. म्हणून माझा सल्ला असा असतो, की स्लॅग जेथे त्याच्या गुणांची खरोखर गरज आहे तेथे खर्चावा: जाड राफ्ट (इमारतीखालचा सलग पाया), पायाचे मोठे ठोकळे, समुद्रालगतचे काम, सल्फेट असलेली जमीन. केवळ आकडा खाली आणण्यासाठी सर्वसाधारण स्लॅबमध्ये तो ओतू नये.

उरते ती चिकणमाती, आणि तिची मात्र कमतरता नाही. केओलिनाइट हे खनिज ज्या मातीत पुरेसे आहे, ती ७०० ते ८५० अंशांपर्यंत भाजली की तिच्या स्फटिकातील पाणी निघून जाते आणि मेटाकेओलिन हा अत्यंत क्रियाशील पदार्थ मागे राहतो. चुनखडी भाजताना निघतो कार्बन डायऑक्साइड. माती भाजताना निघते ती पाण्याची वाफ. तापमानही क्लिंकरपेक्षा खूप कमी, त्यामुळे इंधन कमी लागते. लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतील कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातील सांता क्लारा येथील फर्नांडो मार्तिरेना आणि भारतातील आयआयटींचे संशोधक यांनी या मातीला न भाजलेल्या चुनखडीची जोड देऊन जे मिश्रण विकसित केले, ते एलसी३ या नावाने ओळखले जाते. त्याचे नेहमीचे प्रमाण क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३० टक्के, चुनखडीची भुकटी १५ टक्के आणि जिप्सम ५ टक्के असे आहे. चुनखडी येथे केवळ भर म्हणून येत नाही. मातीतील ॲल्युमिना आणि चुनखडीतील कार्बोनेट यांच्या संयोगातून कार्बोॲल्युमिनेट नावाची संयुगे तयार होतात आणि ती काँक्रीटमधील बारीक छिद्रे भरून काढतात. दोन्ही घटक वेगवेगळे वापरले असते तर इतके क्लिंकर वगळता आले नसते.

माती फार शुद्ध लागते, हा समज चुकीचा आहे. चिनीमातीच्या भांड्यांना किंवा कागद उद्योगाला लागणारी पांढरीशुभ्र माती येथे नको. केओलिनाइट ४० टक्क्यांच्या वर असले की बहुतेक कामांना ती पुरते. हे प्रमाण तपासण्याची पद्धत इतकी सरळ आहे, की पुरवठादाराकडून तिचा अहवाल मागताना कोणी संकोच करू नये. मातीचा नमुना हळूहळू तापवत त्याचे वजन नोंदवतात. ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान जी घट येते ती मुख्यतः केओलिनाइटमधील पाण्याची असते. शुद्ध केओलिनाइट सुमारे १४ टक्के वजन गमावते. तेव्हा नमुन्याची घट ७ टक्के आली तर त्यात केओलिनाइट निम्मे आहे, आणि ३ टक्केच आली तर ती माती परत पाठवावी. लोह असलेल्या मातीमुळे असे सिमेंट लालसर दिसते आणि ग्राहक बिचकतो. रंगाचा ताकदीशी संबंध नाही. भाजलेली माती कमी ऑक्सिजनच्या वातावरणात थंड केली की ती करडी राहते आणि बरेच उत्पादक आता तसे करतात.

आता बचतीचा हिशोब. गणितासाठी क्लिंकरमागे टनाला ८५० किलो आणि भाजलेल्या मातीमागे २५० किलो कार्बन डायऑक्साइड धरू. दळण, वाहतूक, खडी आणि वाळू यांचा वाटा दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने बाजूला ठेवू. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलो साधे सिमेंट आणि त्यात ९५ टक्के क्लिंकर असेल, तर सुमारे ३३२ किलो क्लिंकरमागे २८३ किलो उत्सर्जन होते. त्याच ३५० किलोच्या जागी एलसी३ घेतले तर क्लिंकर १७५ किलो, माती १०५ किलो, आणि उत्सर्जन १४९ अधिक २६ म्हणजे १७५ किलो. बचत ३८ टक्क्यांची झाली. यापुढची पायरी अशी, की खडीची प्रतवारी सुधारून आणि चांगले सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट वाहते ठेवणारे रसायन) वापरून पाणी कमी केले आणि तीच ताकद ३१० किलो सिमेंटात मिळवली, तर आकडा १५५ किलोवर येतो आणि बचत ४५ टक्क्यांपर्यंत पोहोचते. ही दुसरी पायरी कोणत्याही सिमेंटला लागू आहे. साधे सिमेंट ३५० वरून ३१० किलोवर आणले तरी ११ टक्क्यांहून अधिक बचत होते. याच कारणाने मी प्रति टन सिमेंटच्या आकड्यावर कधीच थांबत नाही; विचारायचे ते प्रति घनमीटर, आणि तेही ठरावीक ताकद व ठरावीक आयुष्य यांसाठी. ज्या सिमेंटचा प्रति टन आकडा कमी पण जे काँक्रीटमध्ये शंभर किलो जास्त घालावे लागते, ते कमी कार्बनचे नव्हे.

ताकद आणि शटरिंग यांविषयीची हरकत पदार्थागणिक वेगळी आहे, ती सरसकट मान्य करू नये. फ्लाय ॲशचे काम बरेचसे २८ दिवसांनंतर सुरू होते, त्यामुळे सुरुवातीची ताकद खरोखरच मागे राहते. स्लॅगचेही तसेच, आणि हवा थंड असेल तर अधिकच. एलसी३ मात्र चांगल्या मातीसह पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडे मागे असले तरी सातव्या दिवसापर्यंत साध्या सिमेंटच्या बरोबरीला येते. स्लॅबखालच्या टेकूंचा निर्णय तक्त्यातील दिवस मोजून न घेता, साइटवरच स्लॅबच्या शेजारी त्याच हवेत ठेवलेल्या क्यूबच्या (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याच्या) ताकदीवरून किंवा काँक्रीटमधील तापमानाच्या नोंदीवरून घ्यावा, म्हणजे वाद उरत नाही. राफ्टसारख्या जाड कामात तर उशिरा येणारी ताकद हे वरदानच आहे: उष्णता कमी निर्माण होते, आतला भाग आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातील फरक २० अंशांच्या आत ठेवणे सोपे जाते आणि भेगा टळतात. अशा कामासाठी २८ ऐवजी ५६ किंवा ९० दिवसांची ताकद स्वीकृतीसाठी धरावी. पायावर पूर्ण भार येतो तोपर्यंत अनेक महिने उलटलेले असतात, मग २८ दिवसांचा आग्रह धरून जास्तीचे सिमेंट घालण्यात काय साधते?

एलसी३ची खरी अडचण वेगळी आहे आणि ती मिक्सरपाशी कळते. भाजलेल्या मातीचे कण पापुद्र्यांसारखे आणि अतिशय बारीक असतात, त्यांचे पृष्ठफळ मोठे असते, त्यामुळे ते पाणी आणि रसायन दोन्ही धरून ठेवतात. माल प्लांटवरून निघताना छान वाहता असतो आणि तासाभरात घट्ट होऊ लागतो. अशा वेळी साइटवर कोणीतरी पाइप धरून पाणी घालतो, आणि सगळ्या हिशोबावर पाणी पडते ते तेथेच. उपाय असा, की ज्या सिमेंटचा, ज्या खडीचा आणि ज्या ऋतूतला माल आहे, त्याच साहित्यावर चाचणी घेऊन योग्य पॉलिकार्बोक्सिलेट (सुपरप्लास्टिसायझरचा एक प्रकार) निवडावे, स्लंप (ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा) सुरुवातीला, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी मोजावा आणि त्यावरून मात्रा ठरवावी. मात्रा साध्या सिमेंटपेक्षा जास्त निघेल; ती आधीच दरात धरावी.

आता सळयांच्या गंजाकडे वळतो, कारण तीच हरकत सर्वात गंभीर आहे. ताज्या काँक्रीटमधील पाण्याचा सामू १३ च्या आसपास असतो. इतक्या अल्कलीयुक्त वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याशी संयोग पावतो तेव्हा सामू ९ च्या खाली उतरतो आणि तो थर नष्ट होतो; यालाच कार्बोनेशन म्हणतात. ज्या सिमेंटमध्ये क्लिंकर कमी आणि मोकळा चुना खर्च झालेला असतो, त्यात हवेतील वायूला अडवण्यासाठी साठा कमी असतो, म्हणून त्यात कार्बोनेशन अधिक वेगाने पुढे सरकते. हे सत्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

परंतु त्याचा परिणाम किती, हे मोजून सांगता येते. कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वर्षांच्या वर्गमुळाला ज्याने गुणायचे तो गुणांक ४ मिलिमीटर असेल तर २५ वर्षांत २० मिलिमीटर आणि ५० वर्षांत २८ मिलिमीटर. गुणांक ६ असेल तर ५० वर्षांत ४२ मिलिमीटर. कव्हर ४० मिलिमीटर असताना पहिल्या काँक्रीटमधील सळई सुरक्षित आहे आणि दुसऱ्यातील नाही. हा ४ आणि ६ मधला फरक सिमेंटच्या जातीइतकाच, बऱ्याचदा त्याहून अधिक, पाणी-सिमेंट गुणोत्तरावर आणि क्युरिंगवर अवलंबून असतो. जुन्या इमारतीतील काँक्रीटचा ताजा तोडलेला पृष्ठभाग फिनॉल्फ्थॅलीनने फवारला की अल्कली टिकून असलेला भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला कडेचा पट्टा रंगहीन राहतो. एकाच स्लॅबमध्ये, एकाच सिमेंटने केलेल्या कामात, हा पट्टा एका टोकाला नखाएवढा आणि दुसऱ्या टोकाला सळईच्या पलीकडे गेलेला दिसू शकतो. तेथे फरक सिमेंटचा नसतो, पाणी मारण्याचा आणि व्हायब्रेटर फिरवण्याचा असतो.

शिवाय कार्बोनेशन झाले म्हणजे सळई लगेच गंजली असे होत नाही. गंजायला ओलावाही लागतो. कायम कोरड्या राहणाऱ्या आतल्या खोल्यांतील काँक्रीटमध्ये कार्बोनेशन वेगाने होते, पण तेथे गंज जवळपास चढत नाही. कायम पाण्याखालील भागात कार्बोनेशनच होत नाही म्हटले तरी चालेल. धोका आहे तो आळीपाळीने भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या भागांना: गच्चीचे कठडे, बाल्कन्या, छज्जे, बाहेरचे कॉलम. या भागांसाठी कव्हर ५ ते १० मिलिमीटरने वाढवा, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आसपास ठेवा, आणि हवे तर तेथे क्लिंकरचे प्रमाण थोडे जास्त असलेले सिमेंट घ्या. इमारतीचा फार मोठा भाग आतला असतो, तेथे कमी क्लिंकरचे काँक्रीट निर्धास्त वापरता येते.

समुद्राकाठी चित्र उलटे होते. तेथे शत्रू क्लोराइड असतो आणि त्याच्याविरुद्ध स्लॅगचे किंवा एलसी३चे काँक्रीट साध्या सिमेंटपेक्षा कितीतरी सरस ठरते, कारण छिद्रे बारीक झाल्याने क्लोराइडची वाट अडते आणि ॲल्युमिनायुक्त संयुगे त्यातला काही भाग बांधूनही ठेवतात. समुद्री हवेतल्या कामाला अजूनही साधे सिमेंट अधिक भक्कम मानून वापरणारे लोक भेटतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते; त्या काँक्रीटमधील सळई वाचवण्याचा सोपा मार्ग हातात असताना तो सोडला जातो.

क्युरिंगबाबत थोडक्यात: साध्या सिमेंटला ७ दिवस पुरतात तेथे मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस ओल टिकवावी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून मध्ये पृष्ठभाग वाळू दिला तर ते क्युरिंग नव्हे. ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचे आच्छादन, किंवा स्लॅबवर पाण्याचे आळे, आणि उभ्या कॉलमला शटरिंग उघडताच गुंडाळणे, हे करावेच लागते.

इतर पर्यायांबद्दलही विचारणा होते. अल्कलीने क्रियाशील केलेले, म्हणजे जिओपॉलिमर काँक्रीट ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा येथील विमानतळावर २०१४ मध्ये सुमारे ४० हजार घनमीटर वापरले गेले आणि तो मोठा यशस्वी प्रयोग आहे. पण ते स्लॅग आणि राख यांवरच उभे असल्याने टंचाईचा प्रश्न तेथेही आहे आणि दाहक रसायने हाताळण्याची शिस्त सामान्य साइटवर कठीण जाते. नॉर्वेतील ब्रेविकच्या कारखान्यात २०२५ पासून वर्षाला ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखाली साठवण्याची यंत्रणा सुरू झाली आहे, आणि हे प्रमाण त्या कारखान्याच्या उत्सर्जनाच्या सुमारे निम्मे आहे. क्लिंकर कितीही कमी केले तरी काही उरणारच, म्हणून अशी यंत्रणा लागेल. तिची वाट पाहत आज हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जुन्या काँक्रीटमधील सिमेंटची भुकटी पोलादाच्या विद्युतभट्टीत चुन्याच्या जागी घालून पुन्हा क्लिंकर मिळवण्याचे केंब्रिज विद्यापीठातील काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मला ते फार आश्वासक वाटते, परंतु तुमच्या इमारतीच्या वेळापत्रकात ते बसणार नाही.

तुमच्या कामासाठी मी असे सुचवेन. स्ट्रक्चरल अभियंत्याबरोबर बसून आधी स्लॅबचे गाळे (दोन आधारांमधले अंतर) आणि जाडी पाहा, कारण बहुमजली सांगाड्यात सर्वाधिक काँक्रीट स्लॅबमध्ये जाते आणि गाळा थोडा लहान केला तर जी बचत होते ती कोणत्याही सिमेंटपेक्षा स्वस्त असते. राफ्टला स्लॅगचे काँक्रीट आणि ५६ दिवसांची स्वीकृती, आतल्या स्लॅब व कॉलमना एलसी३, बाहेरच्या भागांना वाढीव कव्हर, अशी विभागणी करा. निविदेत सिमेंटच्या पोत्याचे नाव किंवा नुसते 'हरित' असे विशेषण न लिहिता प्रति घनमीटर उत्सर्जनाची कमाल मर्यादा, ताकदीचा दिवस, स्लंप टिकण्याचा कालावधी आणि कार्बोनेशन अथवा क्लोराइड चाचणीची अपेक्षा लिहा. पुरवठादाराकडून पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र (उत्पादनाच्या उत्सर्जनाचा हिशोब देणारे पत्र) मागा आणि त्यात स्लॅग किंवा राख यांचा उत्सर्जनाचा भार शून्य धरला आहे का, ते तपासा. दोन घोषणापत्रांत हिशोबाची मर्यादा वेगळी असेल तर त्यांची तुलना करू नका. मुख्य कामाच्या किमान दोन महिने आधी एक कॉलम आणि स्लॅबचा एक तुकडा प्रत्यक्ष ओतून पाहा, म्हणजे ५६ दिवसांचा निकालही हाती असेल. आणि क्युरिंग ही दरपत्रकात स्वतंत्र देयक बाब ठेवा, जिचे पैसे दिवसागणिक नोंद पाहूनच दिले जातील.